निंदण : पडद्यापुढच्या बोलण्याविषयी

“असं कुठी असते काय वं माय?” वाशीम जिल्ह्यात टीव्हीपुढे बसून जी वाक्यं बोलली जातात, त्यांत या वाक्याचा नंबर बराच वर लागावा. मालिकेतली सून झोपेतून उठते ती एकही बट न विस्कटता. नायक वावरातून घरी येतो आणि त्याच्या पायाला चिखलाचा ठिपकासुद्धा नसतो. महिनोन्‌महिने बेशुद्ध असलेली सासू डोळे उघडते तेव्हा तिचं कुंकू ताजं असतं. समोरची बाई तुरीच्या शेंगा सोलता सोलता हे वाक्य टाकते आणि पुन्हा शेंगांकडे वळते. आपण काही मत मांडलं असं तिला वाटत नाही, ऐकणाऱ्यालाही वाटत नाही. या पुस्तकाचा विषय म्हणजे हेच बोलणं : चित्रपट, मालिका, गाण्यांच्या स्पर्धा आणि त्यांतली माणसं यांच्याबद्दल, ज्यांना कोणी मत विचारलेलं नाही अशा प्रेक्षकांनी हातातलं काम न थांबवता केलेली शेरेबाजी. तिला समीक्षेची अडाणी बहीण समजण्याची पद्धत आहे. माझं म्हणणं असं, की या शेरेबाजीला स्वतःची कसोटी आहे, ती बरीच काटेकोर आहे, आणि पडद्यावर काय हवं याआधी काय नको हे ती सांगते. वऱ्हाडात पिकातलं तण काढण्याच्या कामाला निंदण म्हणतात. या बोलण्याला मला त्याहून नेमका शब्द सापडत नाही.

निंदण आणि निंदा कानाला सख्खे वाटतात, पण कामात फरक आहे. निंदा दुरून करता येते, निंदणाला वाकावं लागतं. शिवाय निंदणाऱ्या बाईला आधी पीक ओळखता यावं लागतं. पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सोयाबीनच्या तासात जे हिरवं दिसतं, त्यातलं कोणतं राखायचं आणि कोणतं मुळासकट उपटायचं हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती कोणी इळा देत नाही. वाशीम जिल्ह्याचा खरीप मुख्यतः सोयाबीनचा, जोडीला तूर, काही तालुक्यांत कापूस. पावसाळ्यात ओळीनं पाती धरून बसलेल्या बायकांत आदल्या रात्रीची मालिका निघणं हे इथं पावसापेक्षा जास्त नेमानं घडत आलं आहे. भारनियमनाच्या वर्षांनी तर या बोलण्याला वेगळंच वळण दिलं. ग्रामीण महाराष्ट्रात दहा-बारा तास वीज नसायची, आणि जायची ती नेमकी मालिकेच्या वेळी. मग जिनं भाग पाहिला तिनं इतरांना सांगायचा. पण नुसता भाग कोणी सांगत नाही. सांगताना रडण्याचा अर्धा तास एका वाक्यात उरकला जातो, खलनायिकेचा डाव मात्र तपशिलात येतो, नायकाच्या भोळेपणावर एक उसासा टाकला जातो. ऐकणारीला कथा मिळते ती आधीच पाखडून. दुपारी पुनःप्रक्षेपण पाहायला ती बसते तेव्हा तिच्याकडे मूळ कलाकृती उशिरा आणि परीक्षण आधी पोचलेलं असतं. संकलन म्हणजे काय हे चित्रपटाच्या शाळेत शिकवतात. भारनियमनानं ते बांधावर शिकवलं.

हा जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी, म्हणजे नकाशावर तो अजून तिशीतही नाही. गाव मात्र जुनं. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलं वत्सगुल्म ते हेच. संस्कृत पंडित राजशेखरानं ‘काव्यमीमांसा’त काव्यपुरुषाची गोष्ट रचली आहे. रुसून निघालेल्या या काव्यपुरुषामागे साहित्यविद्या देशोदेशी फिरते, त्याला वश करण्याचा प्रयत्न करते, आणि अखेर दोघांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. त्याच राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ म्हटलं आहे. वत्सगुल्माचं प्राकृत रूप वच्छोम, त्यावरून वच्छोमी. एका लेखनशैलीला वाशीमचं नाव होतं, हे आज वाशीमच्या बसस्थानकावर उभं राहून खरं वाटत नाही. पण मला इथं लग्नापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. राजशेखर प्रतिभेचे दोन प्रकार मानतो : रचणाऱ्याची कारयित्री आणि ग्रहण करणाऱ्याची भावयित्री. म्हणजे प्रेक्षक असणं हीसुद्धा एक प्रतिभा. पुढे तो ग्रहण करणाऱ्यांचे, भावकांचे, चार वर्ग सांगतो. अरोचकी, म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही तो. मत्सरी, जो दुसऱ्याचा गुण दिसूनही बोलत नाही. तत्त्वाभिनिवेशी, जो गाभ्यापर्यंत जातो आणि हजारांत एखादाच सापडतो. आणि सतृणाभ्यवहारी. या शेवटच्या नावावर मी थोडा थांबतो, कारण त्याचा शब्दशः अर्थ आहे गवतासकट खाणारा. समोर येईल ते गिळणारा हा भावक हजारेक वर्षांपूर्वीच्या संस्कृत पंडितानं टिपला, आणि टिपताना उपमा घेतली ती शेतातली. तृणाचंच प्राकृतात तण झालं आणि मराठीत तेच राहिलं. तेव्हा निंदणारी बाई ही व्याख्येनंच सतृणाभ्यवहारीच्या विरुद्ध टोकाला बसते.

मालिकेवरच्या शेऱ्यासाठी काव्यशास्त्र कशाला, असं कोणी विचारील. डास मारायला तोफ आणल्यासारखं ते दिसतं खरं. पण वाशीमच्या बाबतीत ही तोफ घरचीच आहे, आणि तिचा एक गोळा अगदी निशाणावर लागतो. या गावचा, नावानिशी माहीत असलेला पहिला साहित्यिक म्हणजे वत्सगुल्म शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन, काळ इसवी सनाचं चौथं शतक. त्यानं ‘हरिविजय’ नावाचं प्राकृत काव्य लिहिलं. विषय पारिजातहरणाचा : कृष्ण, रुक्मिणी, सत्यभामा, एका फुलावरून झालेला रुसवा आणि तो काढण्यासाठी स्वर्गातून उपटून आणलेलं झाड. एक नवरा, दोन बायका आणि तिसऱ्या अंकापर्यंत ताणता येईल असा मत्सर. म्हणजे संध्याकाळच्या आठच्या वेळेची कथा इथं सोळाशे वर्षांपूर्वीच लिहून झाली होती. ते काव्य आज उपलब्ध नाही. त्याबद्दल आपल्याला जे कळतं ते इतरांच्या बोलण्यातून, नंतरच्या अलंकारशास्त्रज्ञांनी उदाहरणादाखल काढून घेतलेल्या गाथांमधून आणि केलेल्या उल्लेखांमधून. कृती गेली, तिच्यावरचा शेरा राहिला. ज्यांना शेरेबाजी हे कलाकृतीवर वाढणारं बांडगूळ वाटतं त्यांनी याचा विचार करावा.

आता पहिला गंभीर आक्षेप. “असं कुठी असते काय” ही कसोटीच भाबडी आहे, कला म्हणजे जगाची छायाप्रत नव्हे, आणि ज्याला एवढंच विचारता येतं त्याला कलेतलं काय कळणार? आक्षेप वजनदार आहे, पण तो प्रेक्षकाचं म्हणणं अर्धंच ऐकतो. हाच प्रेक्षक १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ पाहायला बसला तेव्हा आकाशात एकमेकांवर आदळून विझणाऱ्या बाणांबद्दल त्यानं हा प्रश्न विचारला नाही. दाक्षिणात्य चित्रपटात एका ठोशात दहा गुंड उडतात तेव्हाही तो विचारत नाही. उलट अकरावा का राहिला म्हणून कुरकुरतो. बाईची नागीण होऊन ती सूड घ्यायला निघाली तरी त्याची हरकत नसते. हरकत येते ती कर्जात बुडालेल्या कास्तकाराच्या इस्त्रीच्या सदऱ्याला. म्हणजे खोटं चालतं, पण कथेनं स्वतः जे जग मांडलं त्यात ते बसलं पाहिजे. नवव्या शतकातल्या काश्मीरमध्ये काव्यशास्त्रकार आनंदवर्धनानं हेच सूत्र मांडलं : मूळ कथेतला प्रसंग रसाला मारक असेल तर कवीनं तो खुशाल बदलावा. त्यासाठी त्यानं जी उदाहरणं दिली त्यांत कालिदासाच्या जोडीला सर्वसेनाचं ‘हरिविजय’ आहे. म्हणजे वाशीमच्या राजाला मूळ कथेशी प्रतारणा करण्याची मुभा मिळाली, कारण त्या बदलातून रस निघाला. इस्त्रीच्या सदऱ्यातून कोणताच रस निघत नाही. शेंगा सोलणाऱ्या बाईची तक्रार एवढीच आहे, आणि ती आनंदवर्धनाच्या फार खालच्या पायरीवरची आहे असं मला वाटत नाही.

या कसोटीची सर्वांत कठीण परीक्षा भाषेवर होते. २०१६ ते २०२१ या काळात झी मराठीवर ‘माझ्या नवऱ्याची बायको’ चालली. तिची नायिका राधिका नागपूरकडची, मुंबईत नांदणारी, बोलण्यात विदर्भाचा हेल. भूमिका अनिता दाते यांची. मराठी मालिकांत कोकण आलं, कोल्हापूर आलं, सातारा आला. विदर्भाच्या वाट्याला मुख्य भूमिका आली ती ही. वऱ्हाडात त्याचं अप्रूप होतं, आणि त्याच श्वासात खटकतही होतं, की ही बोली नेमकी कुठली? मुंबईहून पाहिलं तर विदर्भ एक आहे. वाशीमहून तसा दिसत नाही. नागपुरी वेगळी, तिच्यावर हिंदीचं वारं जास्त, वऱ्हाडी वेगळी. वऱ्हाडीत डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया होतो, पाण्याचं पानी होतं; ‘का’ साठी ‘काहून’ येतं, ‘मला’ साठी ‘मले’. आणि एकट्या वाशीम जिल्ह्यातही ती एकसारखी नाही : रिसोडकडे हिंगोलीची, म्हणजे मराठवाड्याची झाक येते, कारंजा अमरावतीकडे झुकतो, मानोऱ्यात बंजारा समाजाच्या गोरमाटीच्या शेजारानं तिचा सूर बदलतो. असा कान असलेल्या प्रेक्षकापुढे ‘विदर्भी’ नावाचं एकच मिश्रण ठेवलं की तो खडे वेचू लागणारच. इथं कोणी म्हणेल, मालिका सगळ्या महाराष्ट्राला कळायची तर बोली पातळ करावीच लागते. मान्य. पण तडजोडीची बाजू नेहमी एकच असते, याची नोंद शेरा करतो. पुण्याच्या कुटुंबाची भाषा वाशीमला कळावी म्हणून कोणी पातळ करत नाही. ती कळतेच असं गृहीत धरलं जातं, आणि खरोखर कळते, कारण शिकून घ्यावी लागते.

बोलीची दुसरी गाऱ्हाणी जास्त खोल आहेत. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये अमरावतीच्या भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडीला घराघरांत नेलं, आणि त्यांच्या विनोदाच्या अचूक टायमिंगबद्दल इथं दुमत नाही. पण या लोकप्रियतेचा एक परिणाम असा, की पडद्यावर वऱ्हाडी बोलणारा माणूस तोंड उघडण्याआधीच लोक हसायला तयार असतात. वऱ्हाडी म्हणजे विनोद, हे समीकरण बसलं. ज्या वऱ्हाडातल्या रिद्धपुरात ‘लीळाचरित्रा’सारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ सिद्ध झाला, तिथल्या भाषेची ही गत. उद्धव शेळके यांनी १९६० साली ‘धग’ लिहिली तेव्हा त्याच बोलीत एका बाईचं आयुष्य जळताना दाखवलं, आणि वाचणाऱ्याला हसू आलं नाही. सतीश मन्वर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर घाबरलेली बायको आपल्या नवऱ्यावर मुलाला पाळतीवर ठेवते, त्याला गोडधोड करून घालते. त्या चित्रपटात हसू येतं, पण ते घशात अडकतं. चित्रपटाच्या नावातच पावसाला दिलेली वऱ्हाडी शिवी आहे, आणि शिवीत लाड आहे. कास्तकारावरच्या पडद्याची परीक्षा वाशीम-यवतमाळच्या प्रेक्षकाइतकी कोणीच घेऊ शकत नाही, कारण इथं तो विषय बातमी होण्याच्या आधी शेजार होता. पण असे चित्रपट तालुक्याच्या गावी किती दिवस टिकतात आणि विनोदाचा कार्यक्रम किती वर्षं, हेही याच प्रेक्षकाला विचारलं पाहिजे. त्याची कसोटी आणि त्याची सवय एका दिशेला जात नाहीत. माझ्या म्हणण्याला ही अडचण आहे, आणि ती मी पुढे घेतो.

त्याआधी तांड्यांवरच्या प्रेक्षकाबद्दल दोन शब्द, कारण त्याचा उल्लेख बहुधा राहूनच जातो. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. रामनवमीच्या यात्रेला देशभरातून लोक तिथं येतात. या जिल्ह्यात गोरमाटी बोलणाऱ्याला मराठी मालिका ही दुसऱ्या भाषेतली आणि हिंदी चित्रपट हा तिसऱ्या भाषेतला असतो. हिंदी चित्रपटानं ‘बंजारन’ ही एक कायमची वेषभूषा करून ठेवली. १९९१ साली त्याच नावाचा, श्रीदेवींचा चित्रपट आला. त्याच्या आधी आणि नंतर किती गाण्यांत आरशांची काचोळी आणि घेर फिरला त्याची गणती नाही. आजी सणावाराला जी फेटिया-कांचळी जपून काढते ती पडद्यावर नाचाचा पोशाख म्हणून पाहणाऱ्या नातीला काय वाटत असेल, याचं उत्तर ‘असं कुठी असते काय’ या प्रश्नाच्या फार जवळ आहे. फक्त इथं ‘असं’ म्हणजे सदऱ्याची इस्त्री नसून आपण स्वतः असतो.

आता ती अडचण. इतकं सगळं खटकतं तर पाहता कशाला? शिव्या देत देत पाच वर्षं पाहिलीत ना? हा आक्षेप वाहिन्यांच्या कचेरीतही केला जातो, आणि तिथं त्याला आकड्यांचा आधार असतो. देशातली प्रेक्षकसंख्या मोजण्याचं काम २०१५ पासून बार्क ही संस्था करते. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ग्रामीण घरंही मोजणीत आली. त्यानंतर वर्षभरातच मराठी पडद्यावर गावं आणि बोली वाढल्या. या दोन गोष्टींचा संबंध मी तर्कानं जोडतो, पण तर्क फार ताणलेला नाही. म्हणजे मोजणीच्या मीटरनं ग्रामीण प्रेक्षकाचं भलं केलं, हे मानलं पाहिजे. तरीही मीटर मोजतं काय? संच कोणत्या वाहिनीवर सुरू आहे आणि समोर कोण बसलं आहे. समोर बसलेला काय बोलतो हे ते मोजत नाही. एका संचाच्या घरात रिमोट कोणाच्या हाती, यावर पाच जणांची ‘पसंती’ ठरते. तूर सोलायला उजेड आणि सोबत लागते, आणि मालिका दोन्ही देते. त्यात एखादी कथा इतकी वर्षं घरात राहिली की ती नात्यातल्या माणसासारखी होते : वागणं पटत नाही, पण बारशाला बोलावलं जातं. पाहणं ही संमती आहे असं मानलं, तर महाराष्ट्रातल्या निम्म्या लग्नांना जेवायला गेलेल्यांनी हुंड्याला संमती दिली असं म्हणावं लागेल. पाहण्यावर प्रेक्षकाचा ताबा कमी असतो. बोलण्यावर पूर्ण असतो. तेव्हा त्याचं मत शोधायचं तर बोलण्यात शोधावं.

आणि हे बोलणं दरवेळी वाऱ्यावर जातंच असं नाही. दूरदर्शनवर १९८४ मध्ये ‘हम लोग’ सुरू झाली ती कुटुंबनियोजनाचा संदेश पोचवायला. सुरुवातीचे भाग लोकांना उपदेशाचे वाटले, तसा उपदेश पातळ झाला आणि घरातली भांडणं वाढली. भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत; पत्रांचा ढीग लाखांत गेला. त्यात मौज अशी झाली की सोशिक भागवंतीला पाहून बायकांनी ‘असं सोसू नये’ हा धडा घ्यावा अशी निर्मात्यांची अपेक्षा होती, आणि पुष्कळ प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं. निर्माते याला चुकीचं वाचन म्हणतील. मला ते प्रेक्षकाच्या स्वतंत्रपणाचं, जरासं अस्वस्थ करणारं, उदाहरण वाटतं; निंदणारी बाई कधी कधी तण राखते आणि पीक उपटते, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘रामायणा’चं तर वेगळंच. ५२ भागांचं नियोजन ७८ भागांवर गेलं. रामाच्या राज्याभिषेकाशी कथा संपवायची ठरली तेव्हा उत्तर भारतातल्या काही शहरांत वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी पुढची कथाही दाखवावी म्हणून संप केला, आणि उत्तरकांड पडद्यावर आलं. कथेचा शेवट कुठं व्हावा, यावर झाडू खाली ठेवून केलेला हा शेरा होता.

गॉसिपचा आक्षेप मी थोडक्यात आटोपतो. कोणाचं कोणाशी जुळलं, कोणी मालिका का सोडली, कोणाचं नाक बदललं. या बोलण्यातला मोठा हिस्सा असल्याच गोष्टींचा असतो आणि त्याचं समर्थन करण्याची मला गरज वाटत नाही. नट आणि पात्र यांची गल्लत मात्र वेगळी. पडद्यावर दुष्ट पाटील रंगवणारे निळू फुले गावात गेले की बायका बोटं मोडायच्या, ही आठवण मराठीत सर्वांना ठाऊक आहे, आणि ते स्वतः तिला दाद समजत. त्या बायकांना नट आणि पाटील वेगळे कळत नव्हते असं समजणं हा शहरी गैरसमज आहे. नटाच्या निमित्तानं त्या ज्या पाटलाला बोलत होत्या तो समोर उभा राहून बोलण्यासारखा नव्हता.

खरी खोट आहे ती अभिमानात. २००९ मध्ये हिंगणघाटच्या वैशाली माडे हिंदी ‘सारेगमप’ जिंकल्या, २०१९ मध्ये अमरावतीचे शिव ठाकरे मराठी ‘बिग बॉस’चं दुसरं पर्व जिंकले. दोन्ही वेळी विदर्भात आनंद झाला, आणि तो साहजिक होता. पडद्यावर आपलं माणूस हसवण्यासाठी नाही तर जिंकण्यासाठी उभं असणं ही इथं रोजची गोष्ट नाही. पण मत देण्याचं बटण हातात आलं की बोलण्याची जात बदलते. गाणं बेसूर झालं तर ते ‘आपलं’ असल्यामुळे ऐकू येत नाही. दुसऱ्याचं चांगलं झालं तर तेही ऐकू येत नाही. राजशेखराचे मत्सरी आणि सतृणाभ्यवहारी हे दोन भावक इथं एकाच माणसात राहायला येतात : आपल्याचं गवतासकट खायचं आणि परक्याच्या पिकालाही तण म्हणायचं. मोबाइलवरच्या चाहत्यांच्या फौजा हे त्याचंच वाढलेलं रूप आहे, आणि माझ्या मांडणीतून मी त्यांना वाचवू शकत नाही. एवढंच म्हणतो, की शेंगा सोलणाऱ्या बाईच्या शेऱ्याला जिंकायचं नसतं, आणि त्यामुळे तो बिघडायला वेळ लागतो.

या पुस्तकाची घाई मला वेगळ्याच कारणानं वाटते. सोयाबीनमध्ये गेल्या काही वर्षांत तणनाशकाची फवारणी सर्रास झाली आहे. मजुरी वाढली, वेळेवर बाई मिळत नाही, आणि एक पंप मारला की आठवड्यात तण पिवळं पडतं. कास्तकाराला दोष देता येत नाही. पण त्यामुळे बायकांची ती ओळ मोडली, जिच्यात आदल्या रात्रीची मालिका निंदली जायची. घरातही तेच झालं. एका संचापुढे पाच जण होते तिथं आता पाच हातांत पाच पडदे आहेत. एक जण कोरियन मालिका पाहतो, दुसरी पाककृती, तिसरा क्रिकेटचे जुने तुकडे. प्रत्येकाकडे मत आहे, पण ते पडताळून पाहायला तोच भाग पाहिलेलं दुसरं माणूस नाही. “असं कुठी असते काय” या प्रश्नाला ‘वं माय’ म्हणायला शेजारी कोणीतरी लागतं. कापसाचं अजून तसं झालेलं नाही. मानोऱ्यात, कारंज्यात, मंगरूळपिराकडे दिवाळीनंतर बोंडं फुटतात आणि वेचणी हातानंच होते. कमरेला ओटी बांधून बायका पुन्हा ओळीनं उभ्या राहतात, दोन्ही हात कापसात गुंतलेले, मोबाइल बांधावरच्या पिशवीत, आणि तोंड मोकळं.